उलटं सील

माझं तोंड वाईट हाय, हे आधीच सांगून ठेवतो. सेलूत कोणालाबी विचारा, पाथरी रोडचा मुंजाजी मिस्त्री कसा हाय? म्हणतील, हात सोन्याचा अन् तोंड कडू. म्हंजे आधी असं म्हणायचे. चार वर्षांपासून त्यातलं निम्मंच म्हणतेत, कोणतं ते तुमी समजून घ्या.

अन् हे सगळं झालं एका रबराच्या सीलापायी. रुपयाच्या नाण्याहून उलसं मोठं असतंय ते.

तर सांबप्पा. कापसाचे व्यापारी, लिंगायत माणूस. आधी जिनिंग होती, पोरगा राजशेखर हैदराबादेत नोकरीला लागला तवा विकून टाकली. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. बॉनेटमधी वाकायच्या आधी ती डबी शर्टाच्या आत खोचायची, ही त्यांची सवय. मी त्यांना अप्पा म्हणायचो, ते मला मुंज्या. त्यांच्याकडं काँटेसा क्लासिक होती, अठ्ठ्याण्णव सालची, पांढरी, पावर स्टेअरिंगची. तालुक्यात तसली दुसरी न्हाई. वीस वर्षं त्या गाडीला माझ्याबिगर कोणाचा हात लागला न्हाई.

सांच्याला अप्पा गाडी घेऊन यायचे. काम काहीच नसायचं. "बेल्ट आवाज करायलाय बघ," म्हणायचे. बेल्ट बिचारा गप्प असायचा. मग दुकानात ठेवलेल्या जीपच्या जुन्या सीटवर बसायचे, अन् आमी भांडायचो. कापसाच्या भावावरून, पावसावरून, गंगाखेडचा ऊस गोड का पाथरीचा यावरून. सहा वर्षांखाली माझी बायको नर्मदा गेली. पोरगा बजरंग पुण्याला, त्याचा फोन रविवारी, तोबी दोन मिनिटं. त्यानंतर तर असे दिवस जायचे की अख्ख्या दिवसात मी बोललो ते फक्त अप्पाशी. तुमाला काय सांगू, भांडायलाबी कोणतरी लागतंय.

चार वर्षांखाली काँटेसाचा स्टेअरिंग बॉक्स गळायला लागला. आता हे नीट ऐका, अवघड काय न्हाई. बॉक्सातून एक जाड दांडा खाली निघतो, त्याच्यानं चाकं वळतेत. दांड्याच्या भोवती सील. सीलला आतून एक बारीक ओठ असतो. तो ओठ तेलाकडं तोंड करून बसवायचा. तेलाचा दाब आला की ओठ दांड्याला घट्ट धरतो. उलटा बसवला तर तेल बाहेर. एवढंच शास्त्र. मी जिंदगीत असे शेकड्यानं सील बसवले.

मी सील बदललं, पावर स्टेअरिंगचं लाल तेल भरलं, गाडी दिली. दीड-दोन महिन्यांनी स्टेअरिंग जड झालं. अप्पाला दोन्ही हातांनी वळवंना. खाली तेलाचं थारोळं. तसेच माझ्याकडं आले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण माणूस आधी गेला मोंढ्यात. कापसाच्या व्यापाऱ्यांत, धा जणांत बसून म्हणला, "मुंज्याला आता दिसत न्हाई. सील उलटं बसवलं त्यानं."

सेलू केवढं? मोंढ्यातली गोष्ट चहा थंड व्हायच्या आत माझ्या दुकानात आली. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! चालत मोंढ्यात गेलो अन् त्याच धा जणांत म्हणलं, "अप्पा, तुमची गाडी माझ्या दारात आणू नका. अन् तुमचं तोंडबी." अप्पा काही बोलायला उठले होते. मी थांबलो न्हाई.

झालं. पुन्हा एक शब्द न्हाई. कोणीतरी परभणीचा मिस्त्री आणला त्यांनी, तो बघून म्हणला बॉक्सच नवा टाका, अन् नवा कुठं भेटंना. गाडी त्यांच्या शेडमधी उभी राहिली ती राहिलीच.

आता जे कोणालाच सांगितलं न्हाई ते सांगतो. मी मोंढ्यात छाती काढून बोललो खरा, पण माझी मलाच खात्री नव्हती. तवा माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ते सील मी नुसतं बोटानं चाचपून बसवलं होतं. डोळ्याचं ऑपरेशन नंतर झालं. चार वर्षं तो एकच किडा डोक्यात. सुलटं बसवलं होतं का उलटं? भाकरी थापताना तेच, आंघोळीला बसलो तरी तेच. सील बसवतानाची बोटं हवेत धरून पुन्हा पुन्हा बघायचो, कोणतं बोट आधी फिरलं, ओठ कुठं लागला. उत्तर त्या बॉक्सात होतं, अन् बॉक्स माझ्या दुकानापून एक किलोमीटरवर अप्पाच्या शेडमधी.

त्यानंतर मी स्टेअरिंगचं काम घेणं सोडलं. कोणी आणलंच तर सांगायचो, पाना न्हाई, पुलर न्हाई, फुरसत न्हाई. हात थरथरायचा, ते कशाला सांगू? मग लोकांनी आणणंबी सोडलं.

मागल्या दिवाळीच्या नंतर अप्पा गेले. त्यांच्यात बसवून माती देतेत. मी गेलो होतो, पण स्मशानभूमीच्या फाटकाच्या बाहेर उभा होतो. आत लोक बेल वाहायलेत, विभूती टाकायलेत. माझेबी पाय आत जायलेत असं वाटलं. पण मोंढ्यातले धाच्या धा जण तिथं होते. मी दस्तीनं तोंड पुसलं अन् वापस आलो. एवढा मोठा माणूस मातीत गेला अन् माझ्या हातून त्याला चिमूटभर विभूती पडली न्हाई, याची लाज मला अजून वाटते.

अन् आता ह्या उन्हाळ्यात एक दिवस दुकानापुढं काँटेसा. टोचन करून आणलेली. ट्रॅक्टरवरून राजशेखर उतरला.

"काका, गाडी हैदराबादला न्यायचीय. पंपाचे सील, बॉक्सचं किट, दोन्ही होज पाईप, सगळं मागवून आणलंय. तुमी तेवढं बसवून द्या."

"माझ्याकडं कामून? मला दिसत न्हाई म्हणतेत."

पोरगं खाली बघायला लागलं. "आई म्हणली, काम मुंजाजीभाऊजीकडंच द्यायचं. दुसऱ्या कोणाचा हात लावू देऊ नको."

आई म्हंजे गौराबाई वहिनी. त्यांनी माझं नाव घेतलं म्हणल्यावर माझा अर्धा गुस्सा तिथंच उतरला. उरलेला अर्धा मी दाखवायला ठेवला. "ठेव तिकडं," म्हणलं, "अन् मधीमधी येऊन डोकं खाऊ नको. झाली की सांगतो."

राजशेखर गेला, अन् मी गाडीपुढं उभा राहिलो. मला ना पंप दिसत होता ना होज. मला ते सील बघायचं होतं.

बॉक्स खाली उतरवायला दीड दिवस गेला. दांड्याला जो आर्म असतो तो निघंना. चार वर्षं उभी गाडी, सगळं गंजून एकजीव. ओढून काढायचा पुलर लावला, डिझेल सोडलं, हातोडी मारली, शिव्या घातल्या. शिव्या घातल्यावर निघाला. बॉक्स टेबलावर घेतला. चष्मा पुसला. मोबाईलची बत्ती लावली. रिंग काढली, वॉशर काढला, अन् स्क्रूड्रायव्हर घालून सील बाहेर ओढायच्या आधी आत डोकावलो.

ओठ आत होता. तेलाकडं तोंड. सुलटं! बराबर सुलटं!

"बघा!" मी वरडलो. "बघा, हाय का उलटं? कोणाला दिसत न्हाई? आँ? कोणाला?"

दुकानात कोणी नव्हतं. समोरच्या रसवंतीवाल्यानं मान वर करून बघितलं अन् पुन्हा खाली घातली. ज्याला दाखवायचं तो माणूस मातीत. मी ते सील ओढून काढलं, हातात घेऊन जीपच्या सीटवर बसलो अन् मला रडू आलं. खोटं कशाला बोलू? चार वर्षं माझ्या हातावर माझाच विश्वास नव्हता, अन् हात चुकलाच नव्हता.

मग डोकं जागेवर आल्यावर दुसरा सवाल. सील सुलटं, तर बिघडलं कामून?

आता नीट बघितलं. सीलचा ओठ कडक होऊन तडकला होता. आतल्या व्हॉल्ववर पिवळा चिकट थर. स्क्रूड्रायव्हरनं खरवडला तर सालीसारखा निघायला. वरचा तेलाचा डबा उघडला, जाळीवर तेच, गोंदासारखं, जाळी पार बुजलेली. तेल पुढं जाणार कुठून? व्हॉल्व चिकटला, दाब अडकला, शेवटी बिचाऱ्या सीलनं जीव सोडला. पण लाल तेलाचा असा गोंद होत न्हाई. चार काय, चाळीस वर्षं ठेवा.

बोटावर घेऊन वास घेतला. अन् मला एकदम माझ्या घरचं चुलीपशी ठेवलेलं तेलाचं भांडं आठवलं. नर्मदा राखेनं घासून घासून दमायची, तरी कडेचा पिवळा चिकटा निघायचा न्हाई. "करडीचं तेल लय चेंगट," म्हणायची. तोच वास, तोच रंग.

करडीचं तेल! पावर स्टेअरिंगमधी! डोस्कंच फिरलं माझं. करडीचं तेल ताप लागला अन् हवा लागली की वाळतं, चिकटतं, हे आपल्या इकडं लेकराला ठाऊक. कोणत्या गाढवानं ओतलं हे? मला वाटलं त्या परभणीच्या मिस्त्रीनंच. न्हाईतर अप्पानं आणखी कोणाला दाखवली असंल. कोणी का असंना, माझ्या इज्जतीचं त्यानं वाटोळं केलं अन् मी चार वर्षं मपल्याच बोटांना शिव्या घालत बसलो.

मी एक प्लास्टिकची डबी धुतली. त्यात ते जुनं सील ठेवलं, अन् कागदात बांधून पिवळ्या थराचा एक तुकडा. ठरवलं. गाडी पोचवायची, वहिनीला दाखवायचं, अन् तिथून सरळ मोंढ्यात. ते धाच्या धा जण अजून तिथंच बसतेत. प्रत्येकाच्या चहाच्या कपापशी डबी ठेवायची अन् म्हणायचं, बघा शेठ, तुमाला तर दिसतंय ना?

पुढचं काम मी असं केलं की काय सांगू. रॉकेलात बुडवून, जुन्या ब्रशनं घासून, व्हॉल्वची एकेक खाच मोकळी केली. पंप खोलला, त्याचं सील बदललं. नवे होज टाकले. बॉक्सचं सील बसवताना तीनदा बघितलं, चष्म्यानं, बत्तीनं, बोटानं. हात थरथरला न्हाई. एकदाबी न्हाई.

पण शेवटच्या कामाला मात्र जीव कासावीस झाला. नवं तेल भरलं की त्यातली हवा काढावी लागते. पुढची चाकं वर उचलायची, इंजिन चालू करायचं, एकानं स्टेअरिंग ह्या टोकापून त्या टोकापर्यंत फिरवायचं अन् दुसऱ्यानं डब्यात बुडबुडे बघायचे. दोन माणसांचं काम हाय हे. आधी अप्पा बसायचे आत. मी बॉनेटमधून वरडायचो, "उजवीकडं! बस! आता डावीकडं! सावकाश, आवो सावकाश, बैलाचा कासरा हाय का तो?" अन् ते मुद्दाम जोरात फिरवायचे. आता मी एकटाच आत बसायचो, फिरवायचो, उतरायचो, डब्यात बघायचो, पुन्हा बसायचो. वीस-पंचवीस वेळा झालं असंल. गुडघे बोलायला लागले. शेवटी बुडबुडे थांबले अन् स्टेअरिंग एका बोटानं फिरलं. त्या दिवशी मला अप्पावर राग नव्हता, फक्त ते नव्हते याचं वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मीच चालवत त्यांच्या घरी नेली. डबी खिशात.

गौराबाई वहिनी ओसरीवर होत्या. पूजा नुकतीच झालेली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओले. चार वर्षांत लय थकल्या होत्या. उठून उभ्या राहिल्या. "या भाऊजी, या. किती दिवसांनी पाय लागले." पाण्याचा तांब्या आणला, गुळाचा खडा आणला. राजशेखर चावी घेऊन म्हणला, "काका, स्टेशनापर्यंत एक चक्कर मारून येतो," अन् गेला.

मला अप्पाची खुर्ची दिली बसायला. मी नको नको म्हणलो तर म्हणल्या, "बसा हो. राजू उद्या जायलाय. मग ह्या घरात मी अन् भिंती. चहाला येत जावा सांच्याला. तुमाला तरी घरी कोण हाय?"

खरं सांगतो, मला लय बरं वाटलं. किती वर्षांनी कोणीतरी ये म्हणलं होतं. मी मनातल्या मनात हिशोबबी केला, दुकान पाचला बंद करायचं, हातपाय धुवायचे, साडेपाचला इथं. खिशातली डबी काढायला हात घातला, तेवढ्यात त्याच बोलल्या.

"भाऊजी, एक विचारू? राजूपुढं नको वाटलं."

"विचारा की वहिनी."

"तवा तुमी काम करून दिलं ना, तर दुसऱ्याच दिवशी गाडीखाली थेंब पडले होते. लाल. ह्यांनी बघितले असते तर तसेच तुमच्या दुकानावर आले असते. तुमचं दोघांचं म्हंजे नुसती काडी लावायचा उशीर. मी गुमान फडक्यानं पुसून घेतले. मग वाटलं, खाली सांडलं म्हंजे वर कमी झालं असंल. त्या डब्याचं झाकण मला ठाऊक होतं. आपल्या रानातल्या करडीचं तेल होतं घरात, घाण्यावरून काढून आणलेलं, चोख. वाटीभर टाकलं. तरी थेंब थांबंनात. मग दर सोमवारी, पूजा झाली की, वाटीभर."

मी दुसऱ्या हातानं तांब्या उचलून दोन घोट पाणी घेतलं.

"तुमच्यात भांडण नको म्हणून केलं हो," वहिनी म्हणल्या. "ते तुमच्यात जाऊन बसायचे तेवढाच त्यांचा जीव रमायचा. अन् नंतर ते मोंढ्यात तसं बोलले, तुमी तोडून टाकलं, तवापासून मी ती वाटी बंद केली. ते तेल... चाललं असंल ना ते? का माझ्यामुळंच..." पदर तोंडाला लावला. "ह्यांनाबी न्हाई सांगितलं. शेवटपर्यंत न्हाई सांगितलं."

आता ते थेंब कशाचे होते ते मला ठाऊक होतं. काम झालं की चेसीच्या खाचेत अडकलेलं तेल आठ-धा दिवस ठिबकतंच. काही न्हाई त्यात. घाबरू नका, एवढं मी गाडी देताना सांगायचं असतंय. दुनियाभरची बडबड करणारा माणूस मी, अन् नेमकं तेवढंच बोललो न्हाई. मग वहिनींनी वरून ओतलं, डबा भरून सांडला, पुन्हा थेंब दिसले, पुन्हा ओतलं.

डबी माझ्या मुठीत होती. झाकणाची कड बोटाला लागायली. आत माझी चार वर्षं होती, माझा हात होता, माझं नाव होतं. नुसतं झाकण उघडायचं. मी काही वाईट बोलणार नव्हतो. खरं होतं तेच दाखवणार होतो. अन् ते दाखवलं की ही बाई ह्या ओसरीवर, भिंतींकडं बघत, उरलेलं आयुष्य एकच गोष्ट घोकत बसणार. मला चांगलं ठाऊक हाय घोकत बसणं काय असतंय. मी तर निदान हातोडी बडवू शकत होतो.

"तेलाचं काय वहिनी," मी म्हणलं, "तेल ते तेल. अन् घाण्याचं म्हंजे तर चोखच. त्याच्यानं काही होत नसतंय."

"मग?"

"सीलच उलटं होतं. मीच बसवलेलं. डोळ्यात मोतीबिंदू होता तवा. परवा उघडून बघितलं. अप्पा बरोबर होते."

त्यांनी डोळे मिटले. "महादेवा," म्हणल्या, अन् एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, चला, झालं, चांगलं झालं. मीबी मूठ सैल केली. कुठंतरी असंबी वाटलं की आता त्या चहा ठेवायला उठतील.

उठल्या न्हाईत. डोळे उघडले तवा नजर दुसरीच होती.

"म्हंजे ते खरं बोलत होते."

"व्हय."

"अन् तुमी चार वर्षं गप्प बसलात?"

मी डबी खिशात खोल सरकवली.

"तुमाला ठाऊक हाय का ते सांच्याला काय करायचे? पिशवी घ्यायचे, भाजी आणतो म्हणायचे, अन् पाथरी रोडला जायचे. पिशवी रिकामीच वापस. विचारलं तर म्हणायचे, मुंज्याचं दुकान उघडं हाय, काम करायलाय, तब्येत बरी दिसली. रोज! पाय सुजले तरी रोज!"

मी बघायचो त्यांना. पलीकडच्या कडेनं, सावकाश चालत जाताना. मला वाटायचं मला खिजवायला यायलेत. ते दिसले की मी मुद्दाम हातोडी उचलून रिकामं लोखंड बडवायचो, लय काम हाय असं दाखवायला.

"एक शब्द टाकायचा होता," वहिनीचा आवाज चढला. "अप्पा, चुकलं माझं. बस. धावत आले असते ते. मातीलाबी फाटकापून वापस गेलात, मी बघितलं. मला वाटलं, खरंच अन्याय झाला असंल ह्या माणसावर, म्हणून एवढं मनाला लागलं. म्हणून राजूला म्हणलं, काम त्यांनाच दे. अन् तुमी चूक दाबून बसला होता, भाऊजी! माणूस वाट बघत बघत गेला माझा!"

आजवर माझ्यावर आवाज चढवून कोणी साबूत गेलं न्हाई. पण त्या दिवशी मी मान खाली घालून ऐकलं. सगळं ऐकलं. एका गोष्टीत तर त्या खऱ्याच होत्या. सील सुलटं असू दे का उलटं, मला जाता आलं असतं.

बाहेर हॉर्न वाजला. राजशेखर हसत आत आला. "काका, एका बोटानं वळायली! लोणी झालंय लोणी! बाबा असते तर—"

"राजू," वहिनी त्याला मधीच तोडून म्हणल्या, "हैदराबादला गेला की चांगल्या मिस्त्रीकडून उघडून बघून घे एकदा. आधीचं सील ह्यांनीच उलटं बसवलं होतं. आता कबूल केलं त्यांनी."

पोरगं आईकडं बघायला, मग माझ्याकडं. चावी बोटात फिरायची थांबली.

"बघून घे बाबा," मी म्हणलं. "बघितलेलं चांगलं."

खुर्चीवरून उठलो. गुडघ्यानं कट्ट आवाज केला. सवयीनं म्हणलं, "येतो वहिनी."

त्या आत निघून गेल्या होत्या. राजशेखर फाटकापर्यंत आला. मी कडी लावून घेतली अन् चालत दुकानाकडं निघालो. मोंढ्याकडं वळायचा रस्ता लागला, तिकडं गेलो न्हाई.